पाहुण्याचं आमेन

ती बाई काय म्हणाली ते मला कळलं होतं. मी मात्र बायकोला, आमच्या पाळकसाहेबांना आणि पुढे भरल्या सभांमधून अनोळखी माणसांना सांगत आलो की कळलं नव्हतं, तिची बोली वेगळी होती. सगळ्यांनी ते मानलं. मी मुळात बोलतो कमी, आणि कमी बोलणाऱ्याचं खोटं सहज खपतं.

तेव्हा मी नाशिकला शाळेत शिकवत होतो आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अधूनमधून उपदेश करायचो. अधूनमधून म्हणजे पाळकसाहेब गावाला गेले किंवा त्यांचा घसा बसला की. माझ्या उपदेशाबद्दल कुणाची तक्रार नसे, कारण तो कुणाच्या लक्षातच राहत नसे. उपासना सुटली की पायऱ्यांवर लोक मटणाच्या दुकानात आता किती गर्दी झाली असेल यावर बोलायचे. मी माझी वही काखेत धरून त्यांच्यामधून खाली उतरायचो. एकदा बायकोला विचारलं, "आज कसं झालं?" ती म्हणाली, "आवाज छान लागला होता." त्यानंतर मी विचारणं सोडलं.

हे आधी सांगतो आहे, कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ इथे आहे. बोलीत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. खोडाळ्यापासून पायी दीड-दोन तासांवर, डोंगरातल्या एका पाड्यावर लहानशी मंडळी होती. तो सगळा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. वर्षातून एकदा आमच्याकडून कुणीतरी तिथे उपदेशाला जाई. त्या वर्षी पाळकसाहेबांना कावीळ झाली, ज्यांची पाळी होती त्यांच्या घरी सोयरिकीची बोलणी निघाली, आणि मग माझं नाव पुढे आलं. श्रावण सरत आला होता. शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीने मोखाड्याला उतरलो, तिथून जीपने खोडाळा. रात्री तिथल्या एका ओळखीच्या शिक्षकाकडे राहिलो.

उपदेशाचा विषय होता देवाची वाट पाहणं. जीपमधून दोन्ही बाजूंना नागलीची, म्हणजे नाचणीची, आणि भाताची खाचरं दिसत होती, उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी, हिरवीगार. ती बघताना मला एक वाक्य सुचलं : पेरलेलं उकरून बघू नये. शेतकरी बी पेरतो आणि धीर धरतो, रोज माती उकरून बघत नाही. मी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. जीप हलत होती म्हणून अक्षर वाकडं आलं. त्याखाली मी रेघ मारली. मला ते फार आवडलं होतं.

रविवारी सकाळी मला न्यायला तिथले वडील आले. वडील म्हणजे आमच्या लोकांत मंडळीचा कारभार बघणारा माणूस. पाड्यावर त्यांना सगळे आबा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. साठीचे, काटक, डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ, अनवाणी.

"गुरुजी, चपला हातात घ्या," ते म्हणाले. "ह्यो चिखूल पाहुणा बघत नाय."

चालता चालता मी विचारलं, उपासनेला किती माणसं असतात.

"आता समदे हायत. आवणी झाली ना. दिवाळी सरली का वीटभट्टीला जातात. मंग देव आन् आम्ही चार म्हातारे. देव बी कंटाळत असंल."

प्रार्थनेचं घर म्हणजे कारवीच्या कुडाची एक लांब खोली होती, वर कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन. दाराशी पुरुषांनी कोयते कुडात खोचून ठेवले होते. एका बाईने तांब्याने माझ्या पायांवर पाणी घातलं. आमच्याकडे असं करत नाहीत. मी अवघडून पाय मागे घेतला तर ती हसली आणि दुसऱ्या पायावर ओतलं. आत बायका दाराच्या अंगाला, पुरुष आत, मधे पोरं. बायकांच्या पायांच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून फाटलेली होती. चिखल्या. दिवसचे दिवस पाण्यात उभं राहून होतात. मी त्या पाहिल्या आणि कीव वाटून दुसरीकडे बघितलं. त्या बायका पाण्यात कशासाठी उभ्या राहिल्या याचा विचार केला असता तरी माझं ते वाक्य मी वहीतच ठेवलं असतं.

पेटी नव्हती, पुस्तकंही नव्हती. गाणं उभं राहून, एकमेकांच्या कमरेला हात घालून, ओळीने डुलत. प्रार्थना सगळे एकाच वेळी, मोठ्याने, आपापली. आमच्याकडे एक जण प्रार्थना करतो आणि बाकीचे एक डोळा उघडून घड्याळ बघतात. इथे तो गलका वाढत गेला, मग पाऊस ओसरावा तसा ओसरला, आणि शेवटी एका म्हातारीचाच आवाज उरला. ती थांबेपर्यंत सगळे थांबले. अर्पण म्हणून सागाच्या पानावर मूठभर नागली, कुणी दोन अंडी, कुणी काकडी.

मग आबांनी मधल्या खांबाला बांधलेली वाखाची दोरी सोडून हातात घेतली. तिला ओळीने दहा-बारा गाठी होत्या.

"हे काय?" मी हळूच विचारलं.

"उपदेश ऐकून घरी जायाचा, तं गुरां बी जातात," आबा म्हणाले. "इथं शब्द धरायचा. आठवडाभर काय करणार ते समद्यांसमोर बोलायचं. मी आमेन म्हणलो का गाठ मारायची. पुढल्या रविवारी काय झालं ते सांगायचं, आन् दोघांनी मिळून सोडायची. बोलणाऱ्यानं आन् आमेनवाल्यानं."

"आणि शब्द पाळला नाही तर?"

"तरी सोडायची. पर सांगून." मग म्हणाले, "समद्याला आमेन नाय देत मी. आमेन म्हणलो म्हंजे मी बी त्यात आलो. माझं बोट बी त्या गाठीत."

ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंही. एक पिकल्या मिशांचा माणूस आपली गाठ सोडायला पुढे आला. मागच्या रविवारी तो जन्माची दारू सोडतो म्हणाला होता आणि आबांनी आमेन दिलं नव्हतं. जन्माचं बोलू नको, बाजाराच्या दिवसापुरतं बोल, असं त्याला सांगितलं होतं.

"बाजाराच्या दिशी नाय प्यालो," तो म्हणाला.

बायकांमधून त्याची बायको बोलली, "आदल्या दिशीच पिऊन ठेवली व्हती."

सगळे हसले. तोही हसला. आबा म्हणाले, "बोल बाजाराच्या दिसाचाच व्हता. सोड." आणि दोघांनी मिळून गाठ सोडली.

म्हणजे तिथलं आमेन हे उगीच शेवटी म्हणायचं आमेन नव्हतं, हे मला उपदेशाला उभं राहण्याआधीच कळलं होतं. हेही मी कुणाला सांगितलं नाही.

सगळ्या गाठी सुटल्यावर आबा माझ्याकडे वळले. "आज पाहुणे आलेत. आजचं आमेन गुरुजींचं. पर मंग पुढल्या रविवारी यावं लागंल, सोडाया."

"येतो की," मी म्हणालो. आपण म्हणतो तसं.

मी उपदेश केला. आबा एकेक वाक्य त्यांच्या बोलीत सांगत होते. असं ऐकणं मी कधी अनुभवलं नव्हतं. माझं वाक्य मराठीत निघालं की लोक माझ्याकडे बघायचे, आबांच्या तोंडून निघालं की आबांकडे, आणि पहिल्या ओळीतली ती म्हातारी प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत परत म्हणायची. पेरलेलं उकरून बघू नये, हे मी म्हणालो तेव्हा आबा थबकले. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या वाक्यापेक्षा बरंच लांब काहीतरी बोलले. मला वाटलं, त्यांनाही ते आवडलं असावं.

मग लोक शब्द धरू लागले. एक जण भावाशी बोलत नव्हता, तो बोलणार होता. एक मुलगी सासूला उलटून बोलणार नव्हती. त्यावर तिची सासूच म्हणाली, "दोन दिस बोल, आठ दिस नाय व्हायचं," आणि तिने दोन दिवसांचा शब्द धरला. मी प्रत्येकाला आमेन म्हणत गेलो. माझा आवाज छान लागला होता.

शेवटी ती उठली. गाण्याच्या वेळीच माझं तिच्याकडे लक्ष गेलं होतं, कारण सगळी तान्ही पोरं किरकिरत होती आणि तिच्या मांडीवरची मुलगी किरकिरत नव्हती. दीड-दोन वर्षांची. केस भुरे, हातपाय काटक्यांसारखे, पोट तेवढं मोठं. बाई पंचविशीची असेल. मुलीला खांद्यावर टाकून ती उभी राहिली आणि त्यांच्या बोलीत बोलली. बोलणं थोडंच होतं. ते मला आजही शब्दाशब्दाने आठवतं.

"उद्या लेकीला जव्हारला दवाखान्यात नेणार व्हते. आता नाय नेत. पेरलां तां उकरत नाय. घरीच वाट बघीन."

आबांनी हे मराठीत सांगितलं नाही. बाकीच्यांचं सांगितलं होतं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग सगळेच बघू लागले. बाहेर कौलावरून पागोळ्या पडत होत्या.

जव्हार हा शब्द मला कळत होता. दवाखाना कळत होता. नाय कळत होतं. मी त्या मुलीकडे पाहिलं. तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, भरत होता, पुन्हा पडत होता. एवढं सगळं मी पाहिलं. आणि माझ्या मनात काय आलं ते आता लिहितो. मनात आलं की आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं वाक्य उचललं. नको म्हटलं तर सगळ्यांसमोर सांगावं लागेल की बाई, मी जे बोललो ते आजारपणाबद्दल नव्हतं, ते मी जीपमध्ये बसून लिहिलेलं एक छानसं वाक्य होतं. तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

"आमेन," मी म्हणालो.

ती लगेच हलली नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिली, माझ्याकडे बघत. मग खाली बसली, दोरी ओढून घेतली आणि एका हाताने आणि दातांनी गाठ मारली. दुसऱ्या हातात मुलगी होती.

जेवायला नागलीची भाकर आणि कुर्डूची भाजी होती. मी दोन भाकरी खाल्ल्या. परतताना आबा पोचवायला आले. अर्ध्या वाटेवर एक ओहोळ लागतो, तिथे ते थांबले.

"गुरुजी, तुमच्याकडं नागली पेरून तशीच ठेवतात काय?"

"म्हणजे?"

"इथं आधी राबात पेरतात. राब म्हंजे भाजलेली जमीन, लहानसा तुकडा. मंग रोप वर आलं का उपटायचं, आन् खाचरात नेऊन लावायचं. तीच आवणी. राबातच ऱ्हायली तं पिवळी पडून जाते. उपटल्याबिगर नागली पिकत नाय." ते पाण्याकडे बघत होते. "मी सांगताना जरा जोडून घेतलं. म्हटलं, उपटायची येळ येस्तवर उकरू नका."

मी म्हणालो, "असं का."

"त्या बाईच्या लेकीला... परत जायाचं का? तुम्ही एक शब्द बोलला तं ती नेईल. मला बोलता येत नाय. आमेन तुमचं हाय, पाहुण्याच्या आमेनावर मी कसा बोलू?"

पाड्यावरची कौलं अजून दिसत होती. फार तर पाऊण तास मागे. मी घड्याळ बघितलं.

"जीप चुकेल, आबा," मी म्हणालो. "सोमवारी शाळा आहे. देव बघेल."

आबांनी मान हलवली आणि मला हात धरून ओहोळ ओलांडून दिला.

दहा-बारा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. आबांना लिहिता येत नव्हतं, कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. बाईची मुलगी गुरुवारी गेली. रविवारी बाई दोरीजवळ बसून होती. बाकीच्या गाठी आम्ही सोडल्या, ती सोडू देत नाही, म्हणते आमेन गुरुजींचं आहे. गाठ सोडायला या.

बायकोने विचारलं, कुणाचं पत्र. मी वाचून दाखवलं, आणि वाचता वाचताच तोंडातून निघून गेलं, "मला काय माहीत ती काय म्हणत होती. त्यांची भाषा कुठे येते मला." बायकोचे डोळे भरले. ती म्हणाली, "तुमचा काय दोष?" एवढं सोपं होतं ते.

मी गेलो नाही. आधी चाचणी परीक्षा होत्या, मग दिवाळी. मग इतके दिवस उलटले की जायला तोंड उरलं नाही. पोस्टकार्ड मी कपाटात कागदांखाली ठेवलं.

पण ती गोष्ट माझ्याकडून निराळ्याच वाटेने बाहेर पडली. खेड्यापाड्यांत जाऊन उपदेश करणाऱ्यांसाठी आमच्याकडे शिबिरं भरत. एका शिबिरात मी ती सांगितली : एका डोंगराळ गावात एक आई, तिची बोली, न कळता म्हटलेलं एक आमेन. म्हणून बंधूंनो, भगिनींनो, आधी लोकांची भाषा शिका. दोन बायका रडल्या. मग मला त्या गोष्टीसाठी बोलावणी येऊ लागली. ज्याचे उपदेश कुणाला आठवत नसत त्याची ही एक गोष्ट सगळ्यांना आठवायची. सात-आठ वर्षं मी ती सांगितली. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, हे मला पाठ झालं होतं. मुलीच्या श्वासाचं मात्र कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिच्याकडे पाहिलं होतं हे उघड झालं असतं.

दोन हजार सालानंतर एका शिबिरात, बोलून झाल्यावर, मागच्या ओळीतली एक तरुण नर्स उठली. मोखाड्याकडची होती.

"गुरुजी, एक विचारू? ती बाई दवाखान्यासाठी कोणता शब्द बोलली होती?"

मी म्हणालो, आता नेमका आठवत नाही.

"नाही, म्हणजे तिकडची बोली माझ्या घरची आहे. आम्ही पण दवाखानाच म्हणतो," ती म्हणाली. "जव्हारला पण जव्हारच म्हणतो."

एक-दोघे हसले. तिने काही मनात धरून विचारलं होतं असं मला वाटत नाही. ती खाली बसली, कुणीतरी गाणं सुरू केलं. त्या पुढच्या शनिवारी मी खोडाळ्याला गेलो.

या खेपेला वाट ठाऊक होती, न्यायला कुणी आलं नाही. पाऊस नव्हता, कापणी झालेली, खळ्यांवर पेंढ्या रचलेल्या. प्रार्थनेच्या घराच्या दाराशी आबा उन्हात बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी सलाम केला तसा त्यांनी आवाज ओळखला.

"आलात," ते म्हणाले. "रविवार जरा चुकला."

आत खांबाला दोरी नवी होती. पण खांबाच्या वरच्या अंगाला, खिळ्याला, वितभर जुन्या दोरीचा तुकडा लटकत होता, धुराने काळा झालेला. त्याला एकच गाठ.

ती उपासनेला आली होती. मी तिला लगेच ओळखलं, तिनेही मला. केस पांढरे होऊ लागले होते. तिच्यामागे दोन मुली बसल्या होत्या, दहा-बारा वर्षांच्या आतबाहेरच्या. उपदेश कुणी स्थानिकानेच केला. मला विचारलं नाही आणि ते बरं झालं. सगळं संपल्यावर लोक बाहेर अंगणात गेले. आबा आणि ती आत राहिली. मुलींना तिने बाहेर पाठवलं.

मी घरून वाक्यं तयार करून गेलो होतो. त्यातलं एकही बोललो नाही.

"बाई, तुम्ही त्या दिवशी काय बोललात ते मला कळलं होतं."

ती म्हणाली, "मला ठावं हाय."

"कसं?"

"आमेन म्हणायच्या आधी तुम्ही लेकीकडं बघितलं."

आबांनी मान खाली घातली. ती सरळ माझ्याकडे बघत होती. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"घरातली म्हणत व्हती नको नेऊस," ती म्हणाली. "आदल्या साली शेजारणीनं तिचं पोर नेलेलं, ते माघारी आलं नाय. नर्सबाई म्हणत व्हती ने, उद्याच ने. मला एकलीला ठरवता येईना. आबा कंदी कंदी नाय म्हणतो ना, आमेन देत नाय. म्हटलं, उभी ऱ्हाते, मोठ्यानं बोलते. पाहुणा शिकलेला हाय, तो नाय म्हणंल. तुम्ही नाय म्हणलं असतं तं घरी सांगितलं असतं, गुरुजींनी आमेन दिलं नाय, मला नेलंच पायजे."

मग म्हणाली, "नाय म्हणावं म्हणून बोलले व्हते मी."

मी इतकी वर्षं समजत होतो की तिने माझा उपदेश उचलला. तिला उपदेश नकोच होता. तिला फक्त एक नकार हवा होता, आणि त्यासाठी तिने ती योग्य जागा निवडली होती.

"मी बी गप बसलो," आबा म्हणाले. "वाटंत तुम्हाला बोललो, पर तिला नाय बोललो. पाहुण्याचा मान राखला." ते हे मला सांगत नव्हते, तिला सांगत होते. आधीही कितीदा सांगितलं असावं, कारण तिने ऐकून घेतल्यासारखी नुसती मान हलवली.

तिने खिळ्यावरून तो तुकडा काढला. एक टोक माझ्या हातात दिलं. नखांनी गाठ सुटेना, धुराने आणि वर्षांनी दगड झाली होती. मी ओढत होतो आणि ती आणखीच आवळत होती. तिने माझ्या हातातून दोरी घेतली, गाठ दातांत धरली, चावून चावून ढिली केली, मग म्हणाली, "आता ओढा." सुटली. वाखाला तिथला वळसा तसाच राहिला.

काय झालं ते तिने नेमाप्रमाणे सांगितलं. दोरी हातात धरून, मोठ्याने, कुणी ऐकायला नसताना. "वाट बघितली. गुरुवारी सकाळी गेली." बस.

आता आपणही काही करायला हवं असं मला वाटलं. मी म्हणालो, "मी शब्द धरतो. यापुढे मी कधी उपदेश करणार नाही." मला खरोखर वाटलं की याहून मोठं माझ्याजवळ काही नाही.

आबा म्हणाले, "आमेन तिचं."

तिने थोडा विचार केला. "ह्याला नाय देत," ती म्हणाली.

"का?"

"सोपा हाय. गप बसायला तुम्हाला येतंच."

आबांच्या तोंडून हसू फुटलं आणि लगेच विरलं. ती हसली नव्हती.

"मग काय धरू?"

"पत्र गेलं त्याला तुम्ही आला नाय. मंग लोकांना काय सांगितलं?"

मी ते सांगितलं. शिबिरांचं, रडणाऱ्या बायकांचं, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. तिच्या मुलीची गोष्ट मी कुठे कुठे नेली होती ते ऐकताना ती हातातल्या दोरीचा वळसा अंगठ्याने सपाट करत होती.

"जिथं खोटं सांगितलं तिथं खरं सांगा," ती म्हणाली. "त्याला आमेन देते."

मी नव्या दोरीला गाठ मारली. तिने ती चाचपून बघितली, म्हणाली, "ढिली हाय," आणि सोडून स्वतः पुन्हा मारली, घट्ट. मग आमेन म्हणाली.

सोमवारी घरी आल्या आल्या बायकोला सांगितलं. भाषेचं, घड्याळाचं, जीपचं, सगळं. ती गॅस बंद करून ऐकत उभी राहिली. तुमचा काय दोष, असं या वेळी म्हणाली नाही. तिने एकच विचारलं.

"मुलीचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. दोन्ही खेपांना मी विचारलं नव्हतं. सात-आठ वर्षं भरल्या सभांत मी तिला 'ती लहानगी' म्हणत होतो, आणि एकाही माणसाने, मीसुद्धा, ते विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आमच्या मंडळीत उभा राहून सांगितलं. त्या दिवशी पायऱ्यांवर लोक माझ्याशी बोलले नाहीत, अजूनही काही जण बोलत नाहीत. पण शिबिरातली माणसं कुठे कुठे पांगली आहेत. एखादा पत्ता सापडतो, पत्र टाकतो, बाकीच्यांना शोधणार कुठे? त्यांच्यातल्या कुणाच्या हाती पडलं तर पडावं, म्हणून हे लिहिलं. दरवर्षी कापणी उरकली की मी खोडाळ्याला जातो, तिला सांगतो की अजून झालेलं नाही, आणि ती म्हणते, मंग ऱ्हाऊ द्या गाठ.

नाव मात्र मंडळीत सांगितलं त्याच्या पुढच्याच रविवारी परत जाऊन विचारलं. ती विहिरीवरून येत होती, डोक्यावर हंडा होता. वाटेतच थांबून तिने सांगितलं, एकदा, आणि मी नीट ऐकलं का ते बघण्यासाठी माझ्याकडून म्हणवून घेतलं. ते मी इथे लिहीत नाही. तिला विचारलं होतं. ती नाय म्हणाली.